नेम बरोबर, माणूस चुकीचा

'वरून समदं दिसतंय' ही ड्रोनबद्दलची आपल्याकडची सगळ्यांत पक्की समजूत. २०२४ च्या जून-जुलैत बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या गावांवरून रात्री ड्रोन घिरट्या घालतात अशा तक्रारी सुरू झाल्या. विषय विधिमंडळापर्यंत गेला आणि गावोगाव लोक रात्र रात्र जागले. कोण घरात आहे, कोण बाहेरगावी गेलंय, सगळं वरच्याला कळतं, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. युद्धात ड्रोन वापरणारेही हेच धरून चालतात. तिथे त्यावर माणसं मरतात. म्हणून आधी हिशेब मांडू.

जमीन मोजणीच्या चांगल्या ड्रोनवर एक इंची सेन्सरचा, २० मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. आपल्याकडे नियमानुसार मोकळ्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडता येतं. त्या उंचीवरून सरळ खाली पाहिलं तर फोटोतला एक पिक्सेल जमिनीवरचे साधारण ३.३ सेंटीमीटर व्यापतो. माणसाचे खांदे धरा अर्धा मीटर, म्हणजे पंधरा पिक्सेल. डोकं सहा. पाठीवर पंप घेतलेल्या गड्याच्या हातातली फवारणीची नळी एका पिक्सेलपेक्षाही बारीक, ती फोटोत पुसट रेघ होऊन येते किंवा येतच नाही. एके-४७ ची लांबी ८७ सेंटीमीटर, म्हणजे लांबीला सव्वीस पिक्सेल आणि जाडीला एक-दीड. कुदळीचा दांडा, तुराटीचा तुकडा, छत्री, बंदूक: सव्वीस बाय दीड पिक्सेलमध्ये यांत फरक करता येतो असं कुणी सांगत असेल तर त्याला तो फोटो छापून दाखवायला सांगा.

या हिशेबाला जुना आधार आहे. अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये निकष मांडले, ते आजही वापरात आहेत. वस्तूच्या अरुंद बाजूवर दोन पिक्सेल आले तर 'काहीतरी आहे' एवढं कळतं. आठ आले तर माणूस की गाडी हे कळतं. तेराच्या आसपास आले तर ती कुठल्या प्रकारची गाडी हे कळतं. तेही शंभरातल्या पन्नास वेळा. हा माणूस नेमका कोण, हा प्रश्न या निकषांत बसतच नाही. त्यासाठी सीसीटीव्हीवाल्यांचं वेगळं मानक आहे: अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर एका मीटरला २५० पिक्सेल हवेत. आपल्या १२० मीटरवरच्या ड्रोनकडे तीस आहेत. शिवाय सीसीटीव्ही समोरून चेहरा बघतो, ड्रोन टाळू बघतो.

रात्रीचा उष्णता टिपणारा कॅमेरा याहून आंधळा. बाजारात सर्रास मिळणारा ६४० बाय ५१२ पिक्सेलचा, १९ मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा १२० मीटरवरून एका पिक्सेलमध्ये साडेसात सेंटीमीटर जागा कोंबतो. माणूस झाला सहा-सात ठिपक्यांचा. त्यातून एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची काळी जमीन, खडक आणि पत्रे दिवसभर तापलेले असतात. सूर्य मावळल्यावर ते निवत जातात आणि मध्येच एक वेळ अशी येते की त्यांचं आणि माणसाच्या अंगाचं तापमान एक होतं. त्या वेळात पडद्यावर माणूस जमिनीत विरघळतो. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात संध्याकाळी असा कॅमेरा उडवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. अफगाणिस्तानातल्या दगडी डोंगरात काही वेगळं घडत नाही.

लष्करी ड्रोनचं भिंग अर्थातच कितीतरी मोठं असतं, पण अंतरही किलोमीटरांत असतं. एमक्यू-९ रीपर हा वीस मीटर पंखांचा, सत्तावीस तास हवेत राहू शकणारा ड्रोन. त्याला उडवणारी नि उतरवणारी टोळी जवळच्या धावपट्टीवर असते. मधल्या वेळात तो अमेरिकेतल्या नेवाडातून, उपग्रहामार्फत, एक पायलट आणि एक कॅमेरा सांभाळणारा असे दोघे चालवतात. चित्र दाबून, म्हणजे बारकावे कमी करून, पाठवावं लागतं आणि यायला एखाद-दोन सेकंद उशीर होतो. चित्र स्पष्ट हवं तर झूम करावं लागतं. झूम केलं की आजूबाजूचं दिसत नाही. गल्लीच्या तोंडाशी खेळणारी पोरं चौकटीबाहेर असतात, आणि क्षेपणास्त्र सुटल्यावर अंतरानुसार दहा ते तीस सेकंदांत ती चौकटीत येऊ शकतात.

हेलफायर क्षेपणास्त्र जवळपास पन्नास किलोचं असतं, त्यातला स्फोटक भाग नऊ किलोंच्या आसपास. ते लेझरच्या ठिपक्यावर हात-दीड हाताच्या फरकानं जाऊन पडतं, यात शंका नाही. 'अचूक शस्त्र' म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं. पण स्फोटाचा घातक घेर पंधरा ते वीस मीटरचा. पंधरा मीटर त्रिज्या म्हणजे सातशे चौरस मीटर, आपल्या भाषेत सात गुंठे. शिवारात सात गुंठ्यांत एखादा माणूस असेल. गावठाणात सात गुंठ्यांत किती घरं येतात ते आपापल्या गल्लीत मोजून पाहा.

काबूल, २९ ऑगस्ट २०२१. तीनच दिवसांपूर्वी विमानतळावर आत्मघाती स्फोट झालेला, दुसरा होणार अशी खबर, आणि खबरेत पांढरी टोयोटा कोरोला. पांढरी कोरोला म्हणजे काबूलमधली सगळ्यांत सामान्य गाडी. ड्रोननं एका कोरोलाचा सुमारे आठ तास पाठलाग केला. गाडीत जड डबे चढवले जाताना दिसले, ते स्फोटकांचे ठरवले गेले. डबे पाण्याचे होते. गाडी चालवणारा एका अमेरिकी मदत संस्थेचा कर्मचारी होता. घराच्या अंगणात गाडी शिरली आणि क्षेपणास्त्र सुटलं. दहा माणसं गेली, त्यांत सात मुलं. सुरुवातीला हा हल्ला योग्यच होता असं सांगितलं गेलं. पत्रकारांनी घटनाक्रम जुळवला आणि १७ सप्टेंबरला पेंटागॉननं चूक मान्य केली. नंतरच्या चौकशीत कळलं की हल्ल्याच्या दोन मिनिटं आधी चित्रात एक मूल दिसत होतं, मात्र चौकशी अधिकाऱ्यांच्या मते ते शोधायला गेलं तरच दिसावं असं. डिसेंबरमध्ये जाहीर झालं की कुणावरही शिस्तभंगाची कारवाई होणार नाही.

इथे क्षेपणास्त्र चुकलं नाही. ते जिथे जायला हवं होतं तिथेच गेलं. आठ तासांत दिसलेली प्रत्येक साधी गोष्ट आधीच ठरलेल्या संशयात बसवली गेली, चूक ती होती. आणि त्या आठ तासांत उलटा प्रश्न मागेच राहिला: हा माणूस निर्दोष असेल तर तो आज काय काय करील? हेच करील की. डबे भरील, सोबत्यांना घरी सोडील, संध्याकाळी घरी येईल.

त्याआधीचं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण त्यातलं संभाषण शब्दशः उपलब्ध आहे. २१ फेब्रुवारी २०१०, अफगाणिस्तानचा उरूझगान प्रांत. तीन गाड्यांतून लोक पहाटे प्रवासाला निघालेले. प्रिडेटर ड्रोन वरून साडेतीन तासांहून अधिक काळ बघत होता. चित्र दोघांकडे जात होतं: नेवाडातल्या चालकांकडे आणि फ्लोरिडातल्या चित्र तपासनिसांकडे; जमिनीवरच्या तुकडीला त्याचं वर्णन चालकांमार्फत कळत होतं. तपासनिसांनी मूल दिसतंय असं कळवलं. चालकांना ते पटलं नाही, त्यांनी नापसंती बोलून दाखवली. पुढे पुढे 'मूल'चं 'किशोरवयीन' झालं, आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत ते 'लढण्याच्या वयाचे पुरुष' यांत विरून गेलं. शनिवारवाड्यातला 'ध'चा 'मा' निदान कुणीतरी मुद्दाम केला होता अशी आख्यायिका आहे. इथे कुणी काही मुद्दाम केलं नाही. प्रत्येकानं थोडंसं पुढे ढकललं. हेलिकॉप्टरनी क्षेपणास्त्रं सोडली. अफगाण वडीलधाऱ्यांच्या मोजणीनुसार २३ जण गेले, त्यांत तीन-चार वर्षांची दोन मुलं. अमेरिकेची मोजणी पंधरा-सोळावर थांबली. मेजर जनरल टिमोथी मॅकहेल यांच्या चौकशीनं ड्रोन चालकांची माहिती चुकीची आणि अव्यावसायिक ठरवली.

उलट बाजूही सांगायला हवी. त्याच काबूलमध्ये ३१ जुलै २०२२ रोजी अल-कायदाचा प्रमुख अयमान अल-जवाहिरी घराच्या सज्जात उभा असताना मारला गेला. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार घरातल्या दुसऱ्या कुणाला इजा झाली नाही. त्यामागे महिनोन्‌महिने पाळत होती: तो कधी उठतो, कुठे बसतो, घरात आणखी कोण आहे. ड्रोनच्या जातीत काबूलच्या या दोन घटनांमध्ये फारसं अंतर नव्हतं. एकीकडे महिने होते, दुसरीकडे आठ तास आणि डोक्यावर घाई.

म्हणून 'नेवाडात बसून उंटावरून शेळ्या हाकतात' हा आक्षेप मला फारसा पटत नाही. तोफखान्यातल्या सैनिकालाही वीस किलोमीटरवरचा माणूस दिसत नाही, त्याच्यावर असा आक्षेप कुणी घेत नाही. ड्रोन चालकाला उलट जास्तच दिसतं. तो एखाद्या घरावर दिवसचे दिवस नजर ठेवतो, त्या घरातली पोरं ओळखू लागतो, मग एक दिवस हुकूम येतो. हल्ल्यानंतर ड्रोन लगेच फिरत नाही. मेलेले मोजायचे असतात, अवयव गोळा करायला कोण आलं ते बघायचं असतं. पाळी संपली की गाडी काढून घरी, मुलांच्या अभ्यासाला. यातल्या अनेकांना झोप लागत नाही, दारू जवळ करावी लागते, नोकरी सोडावी लागते. अमेरिकी हवाई दलाला या कामासाठी माणसं टिकवणं वर्षानुवर्षं जड गेलं आहे.

आणि खालच्यांचं काय? २४ ऑक्टोबर २०१२ ला पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानात साठी ओलांडलेली एक सुईण शेतात भेंडी तोडत होती. नातवंडं आसपास होती. ड्रोनच्या हल्ल्यात ती गेली, नातवंडं जखमी झाली. वर्षभरानं तिचा शिक्षक मुलगा दोन लेकरांना घेऊन अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष द्यायला गेला. ऐकायला पाच सदस्य आले. तेरा वर्षांच्या नातवानं सांगितलं की त्याला आता निळं आभाळ आवडत नाही, ढगाळ आवडतं, कारण ढगांत ड्रोन उडत नाहीत. तांत्रिकदृष्ट्या पोराचं बरोबर होतं. दृश्य आणि उष्णता टिपणारे दोन्ही कॅमेरे दाट ढगापलीकडे बघू शकत नाहीत. जून कोरडा गेला की ढगासाठी डोळे लावून बसणाऱ्या मुलखात हे वाक्य वाचताना जरा थांबायला होतं.

त्या भागात लोकांनी जिरग्याला, म्हणजे तंटे सोडवणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बैठकीला, बसणं कमी केलं, कारण १७ मार्च २०११ ला दत्ता खेल इथे क्रोमाइटच्या खाणीचा तंटा सोडवायला जमलेल्या जिरग्यावरच हल्ला होऊन चाळीसच्या आसपास माणसं गेली होती. वरून पाहिलं तर बंदूकधारी पुरुषांचा गोल. त्या भागात बंदूक घेऊन जिरग्याला येणं रिवाजच आहे. जखमींना उचलायला धावणाऱ्यांवर दुसरं क्षेपणास्त्र येतं हा अनुभव आल्यावर लोक मदतीला जायला कचरू लागले. हे नुकसान कुठल्याच आकड्यात येत नाही.

आकड्यांचं तर बोलायलाच नको. २०१६ मध्ये ओबामा सरकारनं जाहीर केलं की २००९ ते २०१५ या काळात घोषित युद्धक्षेत्राबाहेर ४७३ हल्ले झाले आणि त्यांत ६४ ते ११६ नागरिक गेले. लंडनच्या ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझमची त्याच काळाची मोजणी ३८० ते ८०१. एवढा फरक कसा पडतो? २०१२ मध्ये उघड झालं होतं की हल्ल्याच्या जागी सापडलेला लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष, तो निर्दोष असल्याचा पुरावा मागाहून मिळाला नाही तर, शत्रूच धरला जातो. मेलेल्यानं आपलं निर्दोषपण सिद्ध करायचं. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी ही वार्षिक आकडेवारी द्यायची सक्तीच काढून टाकली.

आपल्याकडे गारपीट झाली, पूर आला, की तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात आणि पंचनामा होतो. त्यात काय काय भानगडी होतात ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. तरी कागदावर गट नंबर असतो, नाव असतं, पंचांच्या सह्या असतात, आणि नाव सुटलं तर तहसीलवर जाऊन भांडता येतं. वझिरिस्तानातल्या त्या सुईणीच्या नावाचा असा कागदच नव्हता. तिच्या मुलानं कुठल्या कचेरीत जायचं होतं? मे २०१३ मध्ये पेशावर उच्च न्यायालयानं हे हल्ले बेकायदा ठरवले. हल्ले करणारे त्या न्यायालयाच्या कक्षेत नव्हते.

गेल्या तीन-चार वर्षांत सगळं स्वस्त झालं आणि प्रश्नाची तऱ्हा बदलली. युक्रेनमधला एफपीव्ही ड्रोन (चालक गॉगलमध्ये ड्रोनच्याच कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवतो तो) म्हणजे कार्बनची चौकट, चार ब्रशलेस मोटारी, सात ते दहा इंची पाती, बॅटरी, छोटा कॅमेरा आणि व्हिडिओ पाठवणारा ट्रान्समीटर. किंमत चारशे-पाचशे डॉलर, म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास. आपल्या बचत गटांच्या ताईंना मिळणाऱ्या दहा लिटर टाकीच्या फवारणी ड्रोनमध्ये मोटारी, स्पीड कंट्रोलर, फ्लाइट कंट्रोलर याच कुळातले असतात, फक्त थोरले. एफपीव्ही मात्र एकदाच उडतो, परत येत नाही. दहा-वीस मिनिटांत काम संपतं.

तो कुठे फसतो? रेडिओ लहरी सरळ रेषेत जातात. ड्रोन लक्ष्याजवळ खाली उतरला की झाडं, घरं, चढ आडवे येतात आणि शेवटच्या शे-दोनशे फुटांत पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. त्यात जॅमर चालू असेल तर आधीच दिसायचं बंद होतं. थंडीत बॅटरीचा दाब एकदम खाली येतो. म्हणजे ज्या क्षणी नीट दिसायला हवं, त्याच क्षणी दिसत नाही. यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंनी दहा-वीस किलोमीटर लांब ऑप्टिकल फायबरचं रीळ ड्रोनला लावलं. ते जॅम होत नाही आणि धडकेपर्यंत चित्र स्वच्छ असतं. युक्रेनची शेतं आता या काचेच्या तंतूंनी आणि न फुटलेल्या ड्रोननी भरली आहेत. नांगर घालायच्या आधी सुरुंग काढणाऱ्याला बोलवावं लागतं.

चित्र स्वच्छ झालं म्हणून नागरिक वाचले का? खेरसन शहर निप्रो नदीच्या एका काठावर, रशियन फौजा दुसऱ्या. नदीपलीकडून उडणारे छोटे ड्रोन सायकलवरून जाणाऱ्यांचा, बसथांब्यावर उभ्या असलेल्यांचा, रुग्णवाहिकांचा पाठलाग करतात. त्याचे व्हिडिओ टेलिग्रामवर टाकले जातात. मे २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरवले. जुलै २०२४ पासून या भागात जवळपास दीडशे नागरिक असे मारले गेल्याची त्यात नोंद आहे. इथे डब्यांत पाणी आहे की स्फोटकं असा घोळ नव्हता. सायकलवरची बाई सायकलवरची बाईच दिसत होती. काबूलच्या प्रकारात निदान वकील, तपासनीस, नोंदी, चौकशी अशी साखळी होती, कुचकामी ठरली तरी होती. चाळीस हजारांच्या ड्रोनमागे एक गॉगल घातलेला पोरगा आणि त्याचा तुकडीप्रमुख, बस्स.

आता शेवटच्या टप्प्यात माणूसही काढून टाकला जातोय. चित्र तुटलं तरी ड्रोनवरचा चिमुकला संगणक आधी निवडून दिलेला आकार पकडून ठेवतो आणि स्वतः जाऊन धडकतो. हात वर केलेला सैनिक शरण आलाय हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी तो थोडा उंच झालेला तोच आकार असतो. डिसेंबर २०२३ मध्ये स्वयंचलित शस्त्रांचा अभ्यास करावा असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. १५२ देश बाजूनं, चार विरोधात. त्या चारांत भारत होता.

हे आता दूरच्या मुलखाचं राहिलेलं नाही. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, ८ आणि ९ मे २०२५ च्या दरम्यानच्या रात्री, लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्ताननं ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं आपल्या सरकारनं सांगितलं. त्यातले बरेच पाडले गेले. पण पाडलेला ड्रोन हवेत नाहीसा होत नाही, कुठेतरी पडतोच. पंजाबमध्ये फिरोजपूर जिल्ह्यातल्या एका गावात जळता भाग घरावर पडून एकाच कुटुंबातले तिघे भाजले, त्यातली बाई पुढे दगावली. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं. असा तुकडा शेतात पडलेला दिसला तर जवळ जायचं नाही, फोटोसाठीही नाही. लिथियमची बॅटरी विझल्यासारखी वाटून काही तासांनी पुन्हा पेटते, आणि स्फोटक न फुटता आत राहिलेलं असू शकतं. माणसं, जनावरं लांब काढायची, जागा लक्षात ठेवायची, ११२ लावायचा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतानं अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार केला: पंधरा नौदलाला, आठ-आठ लष्कर नि हवाई दलाला. सीमेवरची गरज खरी आहे, ते घेऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. पण ते चालवताना 'हा माणूस तोच' हे किती जणांनी आणि कशावरून ठरवायचं, चित्र आणि संभाषण किती वर्षं जपायचं, चुकून कुणी गेलं तर त्याचं नाव कुठल्या वहीत लिहायचं, हे आत्ताच लिहून ठेवायला काय हरकत आहे? हल्ल्याआधी घ्यायच्या खबरदारीचं कलम जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या जोडकरारात आहे, आणि तो करार भारतानं स्वीकारलेला नाही. त्यामुळे हे आपल्याच नियमावलीत यावं लागेल आणि ते आपल्याच खासदारांनी विचारावं लागेल. उरूझगानचं संभाषण बाहेर आलं ते एका अमेरिकी वृत्तपत्रानं तिथल्या माहितीच्या कायद्याखाली मागून घेतलं म्हणून. आपल्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात अशा अर्जाला कलम ८(१)(अ) दाखवून सुरक्षेच्या कारणावरून नकार देता येतो. त्याच कलमाच्या पोटकलम ८(२) मध्ये मात्र लिहिलंय की होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठं असेल तर माहिती देता येईल. अर्ज करणाऱ्यानं ते पोटकलम अर्जातच लिहावं, अपिलात उपयोगी पडतं.